वाहनतळातील वीज



या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर बोलणारी मोठी माणसे आपण ऐकलेली आहेत. तेथे उभे राहून आज आम्ही गाड्या लावण्याच्या जागेविषयी बोलणार, हे पत्रिकेत वाचून काही मंडळींनी घरीच थांबणे पसंत केले असेल. जे आलात त्यांचे आभार. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढे एका वायरमनच्या हाताखाली चार वर्षे पाइप वाकवले, तारा ओढल्या, भिंतींना खाचा पाडल्या. मग कारखान्यात लागलो आणि तेथून युनियनच्या कामात ओढले गेलो. कायदा शिकलो तो युनियनच्या कचेरीतील फाटक्या पुस्तकांतून, आणि बराचसा मालकांच्या वकिलांकडून. ते आम्हांला हरवीत असत तेव्हा. तेव्हा आज आम्ही सांगणार ते वायरमनच्या आणि कामगाराच्या बाजूने सांगणार, हे आधीच कबूल केलेले बरे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एक हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, माणसाचेही सांगत नाही.

एका कारखान्याने २०२३ साली नवी इमारत बांधली. इमारतीपुढे मोटारींसाठी छान वाहनतळ केला. वर छप्पर, खाली हिरवा रंग, आणि विजेवरच्या गाड्यांसाठी ओळीने बारा चार्जर. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. कामगारांच्या दुचाकींची शेड तेथून दोन-तीनशे पावलांवर, मागच्या अंगाला. पत्र्याची शेड, पहिल्या पाळीला सहाशेच्या आसपास गाड्या उभ्या राहतात. त्या शेडमध्ये विजेचा एक दिवा होता. सॉकेट एकही नव्हते.

आमचा एक सभासद, फिटर. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने हप्त्यावर विजेची स्कूटर घेतली. घर भाड्याचे, दुसऱ्या मजल्यावर. गाडीची बॅटरी काढून वर नेता येईल अशी नव्हती, आणि घरमालक खाली वायर सोडू देईना. सार्वजनिक केंद्रावर रांग. एके दिवशी पावसाळ्यात, रात्रपाळीत, या गृहस्थाने कॉम्प्रेसरच्या खोलीतून तीस फूट वायर ओढली आणि शेडमध्ये गाडी चार्जिंगला लावली. पहाटे सुरक्षा रक्षकाने पाहिले. आरोपपत्र आले: मालकाच्या मालमत्तेची चोरी, आणि सुरक्षा-नियमांचा भंग. निलंबन.

चौकशीत आम्ही त्याच्या बाजूने बसलो. विचारले, चोरी किती झाली? त्यांच्याच सुपरवायझरने हिशेब केला: तीन युनिटच्या आत-बाहेर. रुपये तीससुद्धा होत नाहीत. मग आम्ही विचारले, पुढच्या तळावरच्या बारा चार्जरांवर साहेबांच्या गाड्या भरतात, त्या विजेचा हिशेब कोणत्या वहीत आहे? चौकशी अधिकारी म्हणाले, हा प्रश्न प्रस्तुत नाही.

आता न्यायाने बोलायचे तर सुरक्षेचा आरोप खरा होता. ओल्या जमिनीवरून, उघड्या जोडाची वायर. आम्ही स्वतः वायरमनकी केलेली आहे. असल्या जोडावर पाय पडून माणूस गेलेला आम्ही पाहिला आहे. त्या रात्री कोणी मेले नाही हे नशीब. हे आम्ही चौकशीतही कबूल केले, आणि त्याबद्दल आमचेच काही सभासद आमच्यावर रागावले. पण चोरी? बारा चार्जर ज्या अंगणात फुकट चालतात त्या अंगणात?

तीन महिने तो निम्म्या पगारावर घरी होता. शेवटी लेखी ताकीद देऊन कामावर घेतले. मधल्या काळात हप्ते थकले आणि कर्ज देणाऱ्याने स्कूटर उचलून नेली. आता तो बसने येतो.

आम्ही मागणीपत्रात दुचाकी शेडमध्ये सॉकेट मागितले, तेव्हा व्यवस्थापनाचे उत्तर एका ओळीचे होते: नव्या वाहनतळाबाबतच्या नियमाची पूर्तता झालेली आहे. आणि मंडळी, ते खोटे बोलत नव्हते. नियम पुरा झालेला होता. म्हणून आम्ही नियम वाचायला बसलो.

२०१८ च्या एप्रिलात केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. त्यासाठी २००३ च्या वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. पानवाल्यानेही चार्जर लावावा, अशी वाट मोकळी झाली. मग २०१९ च्या फेब्रुवारीत आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती आली. तिचा मथितार्थ असा: नव्या इमारतीत गाड्या लावण्याची जी क्षमता असेल तिच्या २० टक्के गाड्या विजेच्या असतील असे धरून चार्जिंगची सोय करा, आणि ही सर्व ठिकाणे एकाच वेळी चालली तर जेवढी वीज लागेल तिच्या सव्वापट भार इमारतीला मंजूर करून घ्या. दुचाकींचा उल्लेखही त्या दुरुस्तीत आहे. पण या उपविधींचे नावच 'आदर्श' आहे. राज्याने आणि पालिकेने ते आपल्या नियमावलीत उतरवून घेईपर्यंत ते बंधनकारक होत नाहीत.

महाराष्ट्राने २०२१ च्या जुलैत आपले विद्युत् वाहन धोरण जाहीर केले. नव्या निवासी इमारतींत निदान २० टक्के जागा 'सज्ज', आणि त्यांतल्या काही सामायिक जागेत. संस्था व व्यापारी संकुलांत २५ टक्के. त्या धोरणाची मुदत २०२५ च्या मार्चअखेर संपली आणि त्याच वर्षी नवे धोरण आले, ते २०३० पर्यंतचे. त्यात नव्या निवासी इमारतीतील सर्व जागा सज्ज असाव्यात, शिवाय एक सामायिक चार्जिंग केंद्र चालू असावे, नव्या व्यापारी इमारतींत निम्म्या जागा सज्ज असाव्यात, असे म्हटले आहे. चार वर्षांत विसावरून शंभरावर! आम्हां युनियनवाल्यांना अशी पगारवाढ कधी मिळाली नाही. पण आमच्या भाषेत बोलायचे तर धोरण म्हणजे मागणीपत्र, आणि नकाशा मंजूर करणाऱ्याच्या टेबलावरचा नियम म्हणजे सही झालेला करार. मागणीपत्र पाहून पेढे वाटू नयेत.

आता 'सज्ज' हा शब्द नीट पाहिला पाहिजे, कारण सारी मेख त्यात आहे. सज्ज म्हणजे चार्जर बसवलेला नव्हे. सज्ज म्हणजे मीटरच्या खोलीपासून त्या जागेपर्यंत पाइप गेलेला, त्यातून वायर ओढायला वाव असलेला, पॅनेलमध्ये जागा राखलेली आणि ट्रान्सफॉर्मरवर तेवढा भार धरलेला. कोणी म्हणेल, मग चार्जरच का सक्तीचा करत नाहीत? आमच्या मते सज्ज ठेवण्याचा नियमच शहाणपणाचा आहे, आणि तो वायरमनला लगेच पटेल. स्लॅबचे लोखंड बांधून झाले आणि काँक्रीट पडायचे आहे, त्या एका दिवसात पाइप टाकायला दोन माणसे आणि थोडेसे सामान पुरते. तोच पाइप इमारत उभी राहिल्यावर टाकायचा म्हणजे फरशी फोडा, तुळईला भोक पाडायचे तर इंजिनिअरची परवानगी आणा, तळघराचे वॉटरप्रूफिंग गेले तर ते पुन्हा करा, पॅनेल लहान पडले तर बदला, आणि ट्रान्सफॉर्मरला जागाच ठेवली नसेल तर मुलांच्या खेळायच्या कोपऱ्यावर घाला घाला. चार्जर उद्या जुना होईल, बदलेल. पाइप पन्नास वर्षे राहतो.

बाहेरच्या देशांनीही हेच ओळखले. इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ पासून नव्या घराबरोबर गाडीची जागा असेल तर चार्जर बसवणे सक्तीचे झाले. दहांहून अधिक जागा असलेल्या इतर नव्या इमारतींत एक चार्जर बसवायचा आणि उरलेल्यांपैकी पाचांत एका जागेपर्यंत पाइप न्यायचा. युरोपीय संघाने २०२४ साली आपला जुना निर्देश आणखी कडक केला, आणि निम्म्या जागांपर्यंत तर वायरच ओढून ठेवा असे सांगितले. त्यांची वाहने मोटारी, म्हणून त्यांनी मोटारीची जागा मोजली. त्यांच्यापुरते ते बरोबर आहे.

आपल्याकडे चूक होते ती येथे. या देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. या सभागृहाबाहेर आत्ता काय उभे आहे ते पाहा म्हणजे झाले. आणि तरी नियमाची पूर्तता करायला बसलेला माणूस 'जागा' म्हटले की मोटारीची जागा डोळ्यांपुढे आणतो.

थोडा हिशेब करू. शंभर मोटारींचा तळ धरा. त्याचे २० टक्के म्हणजे वीस. प्रत्येकी साध्या ३.३ किलोवॉटचा चार्जर दिला तर ६६ किलोवॉट, सव्वापट केले तर साडेब्याऐंशी. विजेच्या स्कूटरचा चार्जर साधारण पाऊण किलोवॉट ओढतो. घरातल्या इस्त्रीपेक्षाही कमी. तिची बॅटरी तीन-चार युनिटची, चार-पाच तासांत भरते, आणि त्यासाठी पंधरा अँपिअरचे चांगले सॉकेट, अर्थिंग आणि गळती झाली की तोडणारा ब्रेकर एवढे पुरे आहे. आता साडेब्याऐंशीला पाऊणने भागा. एकशे दहा येतात! म्हणजे वीस मोटारींसाठी जो भार राखला त्यात एकशे दहा कामगारांच्या स्कूटर एका वेळी भरतात. हा हिशेब आम्ही व्यवस्थापनापुढे मांडला तेव्हा त्यांच्या विद्युत् विभागातला एक तरुण इंजिनिअर मान खाली घालून कागदावर काहीतरी गिरवत बसला होता. त्याला तो आधीपासून ठाऊक होता, असे आम्हांला वाटते.

दुसरा मुद्दा वेळेचा. घरी गाडी रात्री उभी असते. कारखान्यात ती दिवसा उभी असते, आठ तास, हलत नाही. आणि दिवसा काय असते? ऊन. महाराष्ट्रात सौर वीज दुपारी भरपूर आणि संध्याकाळी टंचाई, ही स्थिती आहे. केंद्राने २०२३ साली ग्राहक हक्क नियमांत बदल करून वेळेप्रमाणे दर आणले: उन्हाच्या तासांत नेहमीपेक्षा १० ते २० टक्के स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीत तितकाच महाग. पहिल्या पाळीचा कामगार सकाळी सातला गाडी लावतो, साडेतीनला काढतो. सगळे स्वस्त तास त्याच्या शेडवरून जातात, अगदी पत्रा तापवून जातात, आणि सॉकेट नाही म्हणून फुकट जातात. तोच माणूस संध्याकाळी घरी जाऊन, सारे शहर दिवे, पंखे आणि मिक्सर चालवीत असते तेव्हा, महाग वीज ओढतो. दुसऱ्या पाळीचे गणित इतके सोपे नाही हे आम्ही जाणतो, पण पहिल्या पाळीचे तरी करा!

आगीची भीती पुष्कळ जण घालतात, आणि ती अगदीच खोटी नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या दुचाकी पेटल्या. त्यानंतर बॅटरीच्या कसोट्या कडक करण्यात आल्या. पण भीती वाटते म्हणून सॉकेट द्यायचे नाही, याचा परिणाम काय होतो? माणूस कॉम्प्रेसरच्या खोलीतून वायर ओढतो. वेगळा फेज, वेगळा ब्रेकर, मोजणारा मीटर आणि दोन गाड्यांत हातभर अंतर, हे नियमाने केले तर आग टळते.

या सभेत गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस बसलेले दिसतात. त्यांची क्षमा मागून दोन शब्द. नवी इमारत सज्ज असेल. आपल्यापैकी पुष्कळांची जुनी आहे. तेथे सभासद चार्जर मागतो आणि समिती 'पुढच्या सर्वसाधारण सभेत पाहू' म्हणते. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने नियम बदलून गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला; नव्या जोडणीची मुदतही कमी केली: महानगरात तीन दिवस, इतर पालिका हद्दीत सात, ग्रामीण भागात पंधरा. तेव्हा 'वीज कंपनी देत नाही' हे कारण आता फारसे चालणार नाही. पण भाडेकरूचे काय? आपल्या फाटकातून दिवसाला पन्नास वेळा आत येणारा, पार्सल पोहोचवणारा मुलगा? त्याला जागा नाही, म्हणून जागेच्या टक्क्यांत तो येतच नाही. तो बॅटरी बदलून घेण्याच्या पेटीवर अवलंबून असतो. अशी पेटी संस्थेच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात बसते. एका ठिकाणी आम्ही तसे सुचवले, तर उत्तर मिळाले की ती मुले तेथे घोळका करतील. करतील. बसायला दुसरी जागा त्यांना कोणी दिलेली नाही.

वीज प्रथम कोणाच्या दारात येते, हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा कामगाराला वाटले असेल, आता उजेडात काम होईल. झाले उलट. सूर्य मावळला की गिरणी थांबायची, ती थांबेनाशी झाली. कामाचा दिवस पंधरा तासांवर गेला, १९०५ साली कामगार रस्त्यावर आले, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. दिव्याचा त्यात काही दोष नव्हता. दिवा बसवताना ज्यांनी त्याखाली काम करायचे त्यांना कोणी विचारले नव्हते, इतकेच. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असले तर उपाहारगृह, दीडशेहून अधिक असले तर विश्रांतीची जागा, असे आकडे घातले गेले. तो कायदा जाऊन २०२५ च्या नोव्हेंबरपासून नवी संहिता लागू झाली. आकडे बदलले, पद्धत तीच: इतकी माणसे असतील तर इतकी सोय. आमचे म्हणणे वाहनतळाच्या नियमातही हीच पद्धत हवी. किती मोटारींची जागा आहे हे मोजू नका. पाळीला किती माणसे येतात, कशावर बसून येतात, आणि त्यांची गाडी किती तास उभी राहते हे मोजा. मग जो आकडा येईल तितकी सॉकेट नकाशात दाखवा, आणि नकाशा मंजूर करणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी मागच्या शेडपर्यंत चालत जाऊन पाहावे. पुढचा हिरवा रंग पाहून परत फिरू नये.

त्या कारखान्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. सव्वा वर्षाच्या वाटाघाटीनंतर करार झाला. शेडमध्ये साठ सॉकेट बसली. सबमीटर लावला, युनिटमागे कारखान्याला जो दर पडतो तोच कामगाराने भरायचा, पगारातून कापून. आम्हीच तसे मागितले. फुकट घेतलेली वीज उद्या कोणी मेहेरबानी म्हणून काढून घेतो. पैसे देऊन घेतलेली काढून घेणे जड जाते. सॉकेट साठ आणि विजेच्या गाड्या आताच नव्वदच्या पुढे, म्हणून पहिल्या चहाच्या सुट्टीत प्लग बदलायचे ठरले. दोघे जण आळीपाळीने सात मिनिटांत शेड गाठतात, भरलेल्या गाडीचा प्लग काढून शेजारच्या गाडीला लावतात, आणि चहा गार व्हायच्या आत परत येतात. पहिल्या आठवड्यात भांडणे झाली. मग कोणीतरी खडूने खांबावर यादी लिहायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे.

आता आमची चूक. करारात आम्ही लिहिले, 'कायम कामगारांच्या दुचाकी शेडमध्ये'. सही आमचीच. त्या कारखान्यात कायम कामगारांपेक्षा कंत्राटी जास्त आहेत, आणि त्यांच्या गाड्या शेडमध्ये येत नाहीत; फाटकाबाहेर, भिंतीला लागून उभ्या राहतात. करार झाल्यावर गेट-मीटिंगमध्ये आम्ही साठ सॉकेटांचे वर्णन रंगवून केले. टाळ्या झाल्या. मागे उभा असलेला एक कंत्राटी पोरगा म्हणाला, "साहेब, बारा चार्जरवाल्यांनी तुम्हांला मोजलं नाही, तसं तुम्ही आम्हांला." साहेब म्हणाला, हे जास्त लागले. आम्हांला कोणी साहेब म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही टेप घेऊन तेथे गेलो. शेडच्या शेवटच्या खांबापासून फाटकाबाहेरच्या भिंतीपर्यंत एकशे चाळीस फूट भरले. मध्ये पावसाच्या पाण्याचे एक गटार आहे, त्याखालून पाइप न्यावा लागेल. पॅनेलमध्ये अजून एक फेज मोकळा आहे. तो तरुण इंजिनिअर बरोबर आला होता, न बोलावता. भार पुरतो असे त्याने वहीवर लिहून दिले आहे. व्यवस्थापनाला पत्र सोमवारी गेले. उत्तर अजून यायचे आहे, आणि चर खणायचा तर पावसाळा लागण्यापूर्वी खणला पाहिजे.